शत्रू विहिरीकडून

दादानं मला पहिल्यांदा आकाशात नेलं तेव्हा आई शेजारी पाटावर बसून लसूण सोलत होती. संगणक मधल्या खोलीत, गव्हाच्या कोठीला लागून ठेवलेला होता, कारण घरातला एकमेव भरवशाचा प्लग तिथंच होता. समोर खिडकी आणि खिडकीतून आमची विहीर दिसायची. दादानं कुठून तरी एक जुनी जॉयस्टिक आणली होती. तिचं बूड हलायचं म्हणून ती पाटावर खिळ्यांनी ठोकून टाकलेली. स्पीकरमधून विमानाचं इंजिन घुमायला लागलं की आई हातातली पाकळी तशीच ठेवून दाराकडं बघायची आणि म्हणायची, "कुनाचा पंप इतका येळ चालू हाय?" हे ती रोज विचारायची. पंप नव्हे विमान आहे हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं, पण आम्हाला हसवायची तिची ती एक रीत होती.

आमची वस्ती संगमनेरच्या बाजूला, प्रवरेच्या कालव्याखाली. घरात आई, अण्णा, दादा आणि मी. पेरूच्या झाडापलीकडं अण्णांचे थोरले भाऊ, म्हणजे नाना. दोन्ही घरांत मिळून गाया, टोमॅटोचे तारांवर चढवलेले वाफे, थोडा ऊस. सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन खडखडायचे. थंडीत आई हुलग्याची शेंगोळी करायची आणि त्या लसणाच्या वासानं माझं लक्ष विमानावरून उडायचं. मी बारावी होऊन घरीच होते, पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं. दादा माझ्यापेक्षा थोडा मोठा आणि त्याचं तर ठरलेलं सगळं मोडलं होतं.

दादाला वैमानिक व्हायचं होतं. लहानपणापासून एकच ध्यास. लेखी परीक्षा पास झाला तेव्हा अण्णांनी तालमीच्या पोरांना भेळ दिली होती. मग तो मुलाखतीला गेला, चांगला आठवडाभर. परत आला तो एका संध्याकाळी, धारेच्या वेळी, पाठीवर पिशवी घेऊन. अंगणात उभा राहून म्हणाला, "मुलाखतीत उडालो. इंग्रजी पुरलं न्हाई." अण्णांनी फक्त "जेवलास का?" एवढंच विचारलं. त्यानंतर दादा त्या आठवड्याबद्दल कधी बोलला नाही. नाना मात्र बोलायचे. ते मनानं वाईट नव्हते, पण हाताशी एखादी चेष्टा लागली की ती झिजेपर्यंत वापरायची त्यांना सवय. दादा ट्रॅक्टर घेऊन निघाला की नाना ओट्यावरून ओरडायचे, "उतरलं का रं विमान शेतात?" दादा हसायचा. त्याचं ते हसणं मला मुळीच आवडायचं नाही.

त्या सबंध वर्षात तो खुलून बोलायचा ते फक्त खेळासमोर. खेळ म्हणजे इंटरनेटवरचा, जुन्या युद्धातली पंख्याची विमानं चालवण्याचा. कुठल्या कुठली माणसं त्यात येऊन एकमेकांना पाडायची. मला तो शिकवायला बसला की त्याचा आवाज बदलायचा. पहिलाच धडा असा होता: वळू नको. नवशिक्याला शत्रू दिसला रे दिसला की तो दांडी पोटाशी ओढतो आणि गरगर त्याच्या मागं वळायला लागतो. वळताना वेग मरतो, वेग मेला की विमान हवेत लोंबकळतं आणि वरून कुणीही येऊन ते टिपतं. "वळलीस की गिऱ्हाईक झालीस," दादा म्हणायचा. "येग देऊन उंची घ्यायची, उंची देऊन येग घ्यायचा. दोन्ही संपवून बसायचं न्हाई." उंची म्हणजे विहिरीतलं पाणी, आधी साठव, मग सोड, हे त्यानं मला खिडकीतून बोट दाखवून समजावलं होतं.

मग पुढचे धडे. सूर्य पाठीशी ठेवून उतरायचं, म्हणजे समोरच्याला दिसत नाही. एकदा झडप घालायची, लागो न लागो, सरळ वर निघून जायचं, तिथंच घोटाळायचं नाही. लांबून गोळ्या उधळायच्या नाहीत, त्याचे पंख काचेत मावेनासे झाले की मगच. खाली पळणाऱ्याचा नाद करायचा नाही, तो आपल्याला खाली न्यायलाच पळत असतो. आणि दर थोड्या वेळानं मागं बघायचं. मी हे मागं बघणं हमखास विसरायची. दादा पाठीमागून माझ्या वेणीला हिसका द्यायचा, तोच माझा शत्रू.

आता माझ्या डोक्यात पांढरे केस वाढलेत, पण रविवारी अजूनही त्या खेळात नव्या पोरांना शिकवायला बसते. सगळ्यांना आधी तोफांची माहिती हवी असते. मी म्हणते, वळू नका. निम्मी पोरं कंटाळून निघून जातात. उरतात ती मात्र छान शिकतात, आणि त्यातल्या कुणी "ताई, मागं बघितलं म्हणून वाचलो" असं सांगितलं की मला दिवसभर बरं वाटतं.

दादाचा एक नियम मला चमत्कारिक वाटायचा. खेळात प्रत्येक विमानाच्या डोक्यावर त्याच्या जातीचं नाव तरंगतं, आपल्या माणसाचं हिरवं, शत्रूचं लाल. दादा ती नावं बंद करून टाकायचा. "विमान बघ, पाटी बघू नको," म्हणायचा. पंखांची टोकं गोल की चौकोनी, नाक लांब की बोथट, वळताना पोट कसं दिसतं यावरून ओळखायला लावायचा. मला वाटायचं, कडक मास्तर आहे, म्हणून असं करतो.

याच खेळात आपली मराठी बोलणारी एक तुकडी होती. तिचा म्होरक्या कोल्हापूरकडचा दातांचा डॉक्टर. त्याला सगळे डॉक्टरच म्हणायचे. रविवारी दुपारी ही तुकडी एकत्र उडायची आणि कानातल्या हेडफोनवरून एकमेकांशी बोलायची. त्यांच्यात सामील व्हायची दादाला फार ओढ होती. एकट्यानं उडणं वेगळं आणि चारजणांत जागा मिळणं वेगळं. पण ते लोक जोडी घ्यायचे, एक झडप घालणारा आणि एक त्याची पाठ राखणारा. दादाची जोडीदार मी. अडचण एवढीच होती की संगणक एक. नानांचा मुलगा पुण्याला वसतिगृहात राहायचा, त्याचा संगणक झाकून ठेवलेला होता. मग दादानं आमच्या घरातून पेरूच्या झाडावरून नानांच्या माडीपर्यंत इंटरनेटची तार ओढली, आणि मी नानांकडं बसून उडायला लागले.

तिथं नाना खुर्ची ओढून शेजारी बसायचे. खेळ त्यांना कळत नव्हता, पण कुस्ती बघितल्यासारखे ते तो बघायचे. पहिल्या रविवारी डॉक्टरांनी अट घातली की नावं चालू ठेवायची, म्हणजे नवशिके आपल्याच माणसाला मारत नाहीत. आम्ही उडालो. मी उंच चढले, खाली दादा एकाच्या मागं लागलेला दिसला, मी त्याची पाठ राखायला उतरले, आणि माझ्या विमानाचे तुकडे झाले. पडद्यावर इंग्रजीत आलं, मला कुणी पाडलं ते. नानांनी चष्मा वर करून अक्षर अक्षर लावून वाचलं. "योगेश. आपला योगेश?" म्हणजे दादाच.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच झालं. डॉक्टर कानात म्हणाले, "ओ ताई, भाऊ तुमच्यावर रागावलाय काय? आता एकदाच बघतो बघा. पुढच्या रविवारी तुम्ही दोघं, आम्ही दोघं. परत आपल्याच माणसाला मारलं तर जमायचं नाही आपलं." नाना गुडघ्यावर थाप मारून हसले. मी हेडफोन ठेवला आणि पेरूखालून तडक घरी गेले.

दादा खिडकीकडं तोंड करून बसला होता. पडद्यावर सराव चालू होता आणि त्यात दोन विमानं उडत होती, एकावर लाल नाव, एकावर हिरवं. मी म्हटलं, "ह्यातलं लाल नाव कोनतं?" तो पडद्याकडंच बघत राहिला. मी पुन्हा विचारलं. त्यानं एकावर बोट ठेवलं. ते हिरवं होतं.

मग मला टोमॅटो आठवले. तोडणीला दादा लागला की क्रेटमध्ये निम्मे हिरवेगार निघायचे. अण्णा त्याला धांदरट म्हणायचे आणि त्याला क्रेट उचलायच्या कामाला लावायचे, आणि तोडणी आम्हा बायकांकडं. घरात सगळ्यांनी धरूनच चालवलं होतं की याचं लक्ष सगळं विमानात, टोमॅटोत कुठलं असणार.

"मुलाखतीत न्हाई उडालो मी," दादा म्हणाला. "डोळ्याच्या तपासनीत उडालो. ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक दाखवलं. त्यात आकडं असत्यात म्हनं. मला नुसतं ठिपकं दिसलं." मी म्हटलं, "मग घरी सांगायचं की. ह्यात तुझी काय चूक?" तो हळूच बोलला, कारण आई मागच्या दारी भांडी घासत होती. "तिथल्या डॉक्टरनं इचारलं, आईच्या वडलांना असं हुतं का? हे आईकडनं पोराला येतं. वर्षे, आईला कळलं तर ती जलमभर सोताला बोल लावून घेईल. इंग्रजी आलं न्हाई तर आलं न्हाई. त्यानं कुनाचं काई बिघडत न्हाई." कुणाला सांगणार नाही, असं मी त्याला वचन दिलं. नानांची ती चेष्टा त्यानं वर्षभर हसून का झेलली ते मला त्या दिवशी कळलं, आणि मला त्याची इतकी माया आली की मी उगीचच त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

आठवडाभर आम्ही उपाय शोधत होतो. रंग नकोच. तुकडीतले लोक दिशा सांगायला घड्याळाचे आकडे वापरायचे, समोर बारा, मागं सहा. घाईत मला ते उलटेसुलटे व्हायचे. मग दादानं आमचा मळाच आकाशात नेला. नाक नेहमी विहिरीकडं, शेपूट रस्त्याकडं, उजवा पंख कालव्याकडं, डावा नानांच्या घराकडं. विमान कुठंही वळो, दिशा याच. आणि मी कोणती हे कळावं म्हणून मी पंख डुलवायचे. माझी पंचाईत अशी, की नानांच्या माडीत विहीर माझ्या पाठीशी यायची. सरावात मी "विहिरीकडनं येतोय" म्हटलं की नाना मागच्या खिडकीकडं बोट करून मला दुरुस्त करायचे, "अगं, विहीर हिकडं हाय." पण जमत गेलं. आठवड्याच्या शेवटी दादा माझ्या शब्दावर डोळे मिटून वळला असता.

त्या रविवारी नानांकडं पाहुणे होते, नारायणगावाकडचे, माझ्या चुलतबहिणीला बघून गेलेले आणि आता बोलणी करायला आलेले. सकाळपासून दोन्ही घरच्या चुली पेटलेल्या. आई बेसनाच्या मासवड्या करत होती. त्या कामात तिचा हात धरणारं वस्तीवर कुणी नव्हतं. खरं तर मी त्या दिवशी माडीवर दिसायलाच नको होते, पण नानांनीच पाहुण्यांना हौसेनं वर आणलं. "बघा, आमची पोर विमान उडवते." चार फेटे आणि टोप्या माझ्या मागं ओळीनं बसल्या.

आम्ही वर चढलो. ठरल्याप्रमाणं मी खाली राहिले, आमिष म्हणून, आणि दादा सूर्याच्या बाजूला गेला. डॉक्टर माझ्या मागं लागले. मी वळले नाही. सरळ, थोडं थोडं चढत त्यांना ओढत राहिले. "रस्त्याकडनं हाय, दादा, रस्त्याकडनं, जवळ आला." "येतोय," दादाचा आवाज आला, अगदी शांत. तो उतरला. तेवढ्यात डॉक्टरांचा जोडीदार कालव्याच्या बाजूनं मधे घुसला, मला बाजूला व्हावं लागलं, आणि आम्ही तिघं एका जागी आलो. तिघांची विमानं एकाच जातीची होती. दादा वरून खाली येत होता आणि त्याच्यापुढं तीन सारखी विमानं, तीन सारखी नावं. मी पंख डुलवले. नेमकं तेव्हाच डॉक्टरांनीही दादाची झडप चुकवायला विमान डुलवलं. मी ओरडले, "रंग बघू नको दादा, रंग सोड, तुझ्या विहिरीकडं जाते ती मी!"

दादानं गोळी झाडलीच नाही. आमच्या मधून तो तसाच खाली गेला. सगळी उंची आणि सगळा वेग हातात असताना, नुसता निघून गेला. नंतर त्यानं सांगितलं की डॉक्टर नव्वद टक्के ओळखू आले होते, पण उरलेल्या दहात मी होते. पहिली मी पडले, मग दादा पडला. डॉक्टर कानात म्हणाले, "हरलात की. पण आपल्या माणसाला मारलं नाही, हे बरं केलं. पुढच्या रविवारी या, घेऊ तुम्हाला तुकडीत." मला आनंदानं काय करावं ते कळेना, पण हे फक्त माझ्याच कानात ऐकू आलं होतं. माडीवरच्या लोकांना दिसलं ते इतकंच, की आम्ही हरलो.

एका पाहुण्यानं विचारलं, "हिचाच भाऊ विमानात जानार हुता ना?" नाना पाहुणचाराच्या रंगात होते. म्हणाले, "जानार हुता. पन इंग्रजीनं दगा दिला. आन आता बघा, बहीन कोन आन दुश्मन कोन ह्येबी वळखू येईना." सगळे हसले. मी वळून बघितलं तर जिन्याच्या तोंडाशी आई उभी होती, हातात मासवड्यांचं ताट. माझं ओरडणं तिनं ऐकलं होतं.

"वर्षे," ती म्हणाली, "रंग सोड म्हंजी काय?"

मी मान खाली घातली. मी वचन मोडलं नाही, पण माझं गप्प राहणं आईला पुरलं. तिनं ताट खाली ठेवलं. आई कधी नानांच्या समोर उभं राहून बोललेली मी पाहिली नव्हती. जे काही असेल ते दाराआडून, नाहीतर अण्णांमार्फत. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि ती सरळ नानांकडं वळली. "नाना, इंग्रजीनं न्हाई. माझ्या बापाचं डोळं हायेत योगेशला. लाल-हिरवं कळत न्हाई त्याला, त्यांनाबी कळत न्हवतं. म्हनून घेतला न्हाई त्याला. पोरगं हुशार हाय माझं." पाहुण्यांदेखत बोलली. शब्द एकही अडखळला नाही. नाना खुर्चीतून अर्धवट उठले आणि तसेच राहिले. त्यानंतर त्यांनी ती चेष्टा कधी केली नाही, आणि पुढं दादाचं कौतुक सांगायला सगळ्यात आधी तेच असायचे.

आई जिना उतरून पेरूखालून घरी निघाली. मी मागं. दादा खुर्चीत टेकून बसला होता, हेडफोन गळ्यात. आईच्या चेहऱ्याकडं बघितलं आणि तो उभा राहिला. माझ्याकडं त्यानं बघितलं, मी मान हलवली, मी नाही सांगितलं.

"मला का न्हाई सांगितलंस?" आई म्हणाली.

"तू रडशील म्हनून."

"त्ये रडतेच हाय." तिनं पदरानं डोळे पुसले. "मला ठावं हुतं रं. तू बारका हुतास तवापासनं ठावं हुतं. तुझं क्रेट मी गुमान निवडायचे, कुनी बोलू नये म्हनून. लोक खोट काडत्यात, पुढं लगीन जमायचं न्हाई, म्हनून कुनालाच बोलले न्हाई. तुला पन न्हाई. तिथं डोळं बघत्यात हे मला काय म्हाईत? मी आधी सांगितलं असतं तर तू तिथवर जाऊन परत आला नसतास."

दादानं हेडफोन गळ्यातून काढून ठेवला. बाहेर गायीनं दावं ओढल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तू सांगितलं असतंस तर मी गेलोच नसतो, आई. बरं झालं न्हाई सांगितलंस." आणि जरा थांबून, लहान पोरासारखं तोंड करून म्हणाला, "मुलाखतीत पास झाल्तो मी."

हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. मलाही नाही. डोळ्यांची तपासणी मुलाखत पास होणाऱ्यांचीच होते, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी बातमी तो वर्षभर पोटात घेऊन फिरत होता, कारण ती सांगितली असती तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

आई आत गेली. मला वाटलं रडायला गेली. ती साखरेचा डबा घेऊन बाहेर आली. दादाच्या हातावर तिनं चिमूटभर साखर ठेवली, मग माझ्या हातावर. "खा," म्हणाली. दादानं खाल्ली. मग डबा काखेत धरून, पदर सावरून, ती नानांच्या घराकडं निघाली, पाहुण्यांच्या हातावर साखर ठेवायला.